चेहरा पुसून दाखवा!

त्वचेचा दवाखाना काढला की पैशांपेक्षा किस्से जास्त जमतात, आणि किश्श्यांपेक्षा संताप! परभणीत मी पाटी लावली तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बाहेर माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आत मात्र जातपात विसरून सगळ्यांना गोरं व्हायचं होतं.

*

राणीसावरगावचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांग आले होते.

"म्याडम, लय काळी पडायलीय ही. कायतरी करा."

"ऊन टाळायचं. दुपारी शेतात पाठवू नका."

"मंग कापूस कोन येचील?"

"तुम्ही!"

तो तडक उठला. बायको मात्र दारातून वळून हसली. औषधही न घेता गेले दोघं.

*

कॉलेजातल्या एका मुलीनं मुरुमांच्या डागांवर मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब महिनोन्महिने चोळली. डाग होते तिथंच, वर चेहरा लालबुंद. ट्यूब बघितली तर इसबाची, स्टेरॉइडवाली! माझं डोकंच फिरलं. तशीच दुकानात गेले.

"ही तोंडाला देता? लाज वाटत नाही?"

त्यानं माझ्या सावळ्या चेहऱ्याकडे बघितलं, त्याला दया आली असावी. हळूच म्हणाला, "म्याडम, तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवू का?"

*

पूर्णेच्या कविताला ओठाजवळ कोड होतं. वडील रेल्वेत क्लार्क. मला म्हणाले, "पोरीला बघायला पाहुणे यायलेत. पावडरनं झाकू, दिसलंच तर चहानं भाजलं म्हणून सांगा, तुमचं ऐकतील."

मी काही बोलायच्या आत कविताच कडाडली, "म्हंजे जन्मभर पावडर लावून झोपू का मी, बाबा?"

शेवटी खरंच सांगायचं ठरलं. पाहुणे आले त्या दिवशी मी मुद्दाम गेले. कोड लागत नाही, ते पाप नाही, सगळं समजावलं. मुलगा ऐकत होता. त्याची आई ऐकेल तर शपथ!

"आनखी कुठं हाय का, बघू की," म्हणत तिनं पाण्याच्या तांब्यात पदर बुडवला आणि सगळ्यांसमोर कविताचं तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, मान. भांडं घासावं तसं! वडील खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, तांब्या उचलून तिच्या डोक्यावर ओतावा.

पुसता पुसता त्या बाईच्याच खांद्यावरचा पदर घसरला. ब्लाउजच्या गळ्याशी तळहाताएवढा पांढरा डाग.

कविताला दिसला, मला दिसला. कवितानं तो ओला पदर उचलून नीट तिच्या खांद्यावर ठेवला.

"सांभाळा मावशी. आमच्यात कुनाला पुसून बघत न्हाईत."