तिसऱ्या घंटेनंतर कोणीही नाही

सांगते, सगळं सांगते. पण आधी एक अट. किस्सा संपेपर्यंत "चूक तुझीच होती" असं कोणी म्हणायचं नाही. चहा घ्या, बिस्किटं घ्या, हसायचं तेवढं हसा. पण नियम बरोबर होता! तेव्हाही बरोबर होता, आजही आहे, आणि कुठलाही दरवाजा माझ्या तोंडावर आपटला तरी मी हेच म्हणणार.

आणि आपटला बरं का. खरंच आपटला.

आम्ही मूळचे सांगलीचे. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, बदली झाली म्हणून चंडीगडला आलो. मी खरडजवळच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग करते. सेकंड इयर संपलं तशी वर्गातली सगळी जनता मोहालीच्या आयटी कंपन्यांत इंटर्नशिपला पळाली. एसीत बसायचं, लॅपटॉप उघडायचा, गळ्यात आयकार्डचा पट्टा घालून फोटो टाकायचे. आणि मी? मी एका छोट्या नाटक मंडळीत लाइट आणि साउंड शिकायला गेले. सहा आठवडे शिडीवर चढायचं, दिवे टांगायचे, वायरी ओढायच्या, बोटं भाजून घ्यायची.

बाबा म्हणाले, "यासाठी इंजिनिअरिंग कशाला? आपल्या गल्लीतला मंडपवाला हेच करत होता की."

"बाबा, ते वेगळं."

"वेगळंच. त्याला गणपतीत मान तरी होता."

शेवटी तह झाला. सहा आठवड्यांनी आमचा शो, त्यात लाइटचा बोर्ड पहिल्यांदाच माझ्या हातात. आई-बाबा बघायला येणार. बाबांना पटलं, तर पुढच्या सुट्टीतही मी हेच शिकायचं. नाही पटलं, तर वायरी गुंडाळून ठेवायच्या आणि मोहालीत, बाबांच्या मित्राच्या कंपनीत, मुकाट्याने गळ्यात पट्टा!

आमच्या मंडळीचे मालक म्हणजे पाजी, पंजाबीत दादा. नाटक त्यांनीच लिहायचं, त्यांनीच बसवायचं आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच करायची. मला लाइट शिकवले तेही त्यांनीच. देवमाणूस! पण वेळेच्या बाबतीत अगदीच ढिला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एका जुन्या नाटकाचा शो होता. साडेसहाची वेळ. साडेसहाला हॉलमध्ये कोण? मी आणि खुर्च्या! सातला पडदा उघडला. सव्वासातला स्टेजवर म्हातारी मेलेली, रडारड चाललेली, आणि एक अख्खं कुटुंब मोबाइलचा टॉर्च लावून आत आलं. आलं ते आलं, चौथ्या रांगेतल्या ओळखीच्यांना तिथूनच हाक. "ओ शर्माजी! आप भी?" शर्माजी उठून उभे. मिठ्या! वर मयत, खाली मिठ्या!

माझं डोकंच फिरलं. अहो, माझा मामा सांगलीत हौशी नाटकांचे पडदे ओढायचा. मामा म्हणायचा, तिसरी घंटा झाली की थांबायचं नाही, मग राजा येवो नाहीतर राणी. मी पाजींना ठणकावून सांगितलं, "आपल्या शोला तीन घंटा होणार. तिसऱ्या घंटेला दार बंद. त्यानंतर कोणीही नाही."

हे अर्थात हिंदीत सांगितलं. पाजी हसले. म्हणाले, "कर ले यार. आज से ये तेरा महकमा."

झालं! मला खातं मिळालं.

हॉलची इलेक्ट्रिक घंटा बंद पडलेली. मी आईच्या देवघरातली घंटा उचलली. आई म्हणाली, "देवाची घंटा नाटकाला?" मी म्हटलं, "रंगदेवतासुद्धा देवच की गं!" विंगेत माइक लावला, त्याच्यासमोर घंटा वाजवायची, अख्ख्या हॉलला ऐकू जाणार. वाजवली की विंगेतल्या छोट्या दाराने हॉलमध्ये उतरायचं आणि कडेकडेने पळत मागच्या कंट्रोल रूममध्ये, बोर्डावर. वीस सेकंदांचं काम.

राहिलं मुख्य दार. तिथे बलबीर अंकल. रिटायर्ड फौजी, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री. मी त्यांना नियम समजावला. "हाँजी मॅडमजी, समझ गया." मला काही खात्री वाटेना. रंगीत तालमीला मी त्यांची परीक्षाच घेतली. तिसरी घंटा वाजवली, मागच्या बाजूने बाहेर पडून वळसा घालून मुख्य दाराशी आले आणि रडवेला चेहरा केला. "अंकलजी, मेरा पर्स अंदर रह गया. घर से फोन आ रहा होगा."

बिचाऱ्यांनी लगेच दार उघडलं. वर "पानी पिओगे?" असंही विचारलं.

मग काय! सगळ्यांसमोर माझं भाषण सुरू. एवढ्या मोठ्या माणसाला मी काय काय बोलले! आता आठवलं की लाज वाटते.

ते कसेबसे म्हणाले, "पर मॅडमजी, आप तो अपने हो."

"तीसरी घंटी के बाद कोई अपना नहीं!"

"आप भी नहीं?"

"मैं भी नहीं! मैं रोऊँ, चिल्लाऊँ, कुछ भी बोलूँ, दरवाजा नहीं खुलेगा!"

अंकलनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

शोचा दिवस उजाडला. आई-बाबा सव्वासहाला येऊन बसले. सांगलीची माणसं! इकडे विंगेत पाजींनी ऐन वेळी एक पेटी आणवली. पेटी म्हणजे पंजाबी घरात रजया ठेवायची लोखंडी पेटी असते ना, आत चार माणसं पत्ते खेळत बसतील एवढी. दुसऱ्या प्रवेशात लागणार होती, तोवर ठेवायची कुठे? ठेवली विंगेतल्या छोट्या दाराला टेकवून. माझ्या दाराला! सहा जणांनी आणलेली, मी काय सरकवणार? म्हटलं जाऊ दे, बाहेरून वळसा घालून जाईन.

साडेसहा वाजले आणि चीफ गेस्टचा पत्ता नाही. एका कॉलेजच्या रिटायर्ड प्रिन्सिपॉल मॅडम येणार होत्या.

पाजी म्हणाले, "दस मिनट रुक जा यार. चीफ गेस्ट है."

"पाजी, महकमा किसका?"

"तेरा है, पर वो नाराज हो जाएगी कुडिए!" कुडिए म्हणजे पोरी.

"जो टाइम पे आया वो बैठके इंतजार करे, और जो लेट आया उसको फूल? मेरे बाबा अंदर बैठे हैं पाजी. टाइम पे आए हैं."

पाजींनी माझ्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि स्टेजवरच्या खाटेवर जाऊन आडवे झाले. "बजा दे."

काय सांगू, आईची ती घंटा मी अशी वाजवली, अशी वाजवली, की दुसऱ्या रांगेतून आईचा आवाज आला, "अहो, आपली घंटा!"

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. मी विंगेतूनच हॉलचे दिवे मालवून मागच्या दाराने बाहेर पडले, जूनच्या उन्हातून धावत वळसा घातला आणि मुख्य दाराशी आले.

दार बंद. समोर बलबीर अंकल, सावधान.

"अंकलजी, दरवाजा खोलो!"

अंकल गालात हसले. "नहीं खुलेगा."

"अहो, मैं हूँ!"

"देख रहा हूँ जी."

"लाइट मुझे देनी है! अंदर अंधेरा है!"

"हाँजी, नाटक में अंधेरा होता है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हॉलमध्ये नाही पडला, पण माझ्या डोक्यात पडला. "अंकलजी, ये टेस्ट नहीं है!"

"टेस्ट में कोई बताता है क्या, कि टेस्ट है?" अंकल म्हणाले.

मी रडायला लागले. खरंखुरं, नाक वगैरे गळून! अंकल कौतुकाने बघत राहिले. "वाह! पिछली बार आँसू नहीं थे. इस बार तैयारी पूरी है."

फोन? माझा फोन कंट्रोल रूममध्ये, बोर्डावर. मागचं दार? ते बाहेरून उघडतच नाही.

इतक्यात आतून पाजींचा आवाज आला. आता ऐका हं. नाटक सुरू होतं ते भर दुपारी, अंगणात. अंधारातून हळूहळू मी ऊन आणायचं, मग कुकरची शिट्टी द्यायची, मग पाजींचं वाक्य. पाजी बिचारे थांबले असतील, थांबले असतील, आणि शेवटी मीच त्यांना ऐकवलं होतं ना की तिसऱ्या घंटेनंतर थांबायचं नाही! तर त्या काळ्याकुट्ट अंधारात पाजी गरजले:

"हाय ओए रब्बा! क्या धूप है! आँखें नहीं खुल रहीं!"

हॉल हसून कोसळला. त्यानंतर बारीकसा आवाज आला. "सीऽऽऽ... सीऽऽऽ..." पाजी तोंडाने कुकर वाजवत होते.

मी दारावर डोकं टेकलं. आत बाबा बसलेत. माझे लाइट बघायला!

एक पांढरी गाडी येऊन थांबली. प्रिन्सिपॉल मॅडम उतरल्या. "दरवाजा खोलिए. मैं चीफ गेस्ट हूँ."

अंकलनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडमजी, ये आंटी कहाँ से लाए? एकदम असली लगती है!"

प्रिन्सिपॉल मॅडम लालबुंद! त्यांनी पाजींना फोन लावला. बंद. कसा लागेल? "कृपया अपने फोन बंद रखें" ही सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेली होती, आणि पाजी माझ्या सूचना पाळायला लागले होते.

"किसका ऑर्डर है ये?" मॅडम कडाडल्या.

गप्प राहता आलं असतं. पण खोटं का वागू? मी नाक पुसलं आणि ताठ उभी राहिले. "मेरा."

"और तुम बाहर क्या कर रही हो?"

मी बलबीर अंकलांकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात दार आतून उघडलं. बाबा! अंधारात चाचपडत आले होते. "लाइट गेली वाटतं. पोरीला शॉक-बिक बसला का बघतो..." आणि मला बघून थिजले. "अगं, तू इथं? मग आत दिवे कोण लावतंय?"

"कोणी नाही, बाबा!"

आणि मी त्यांच्या हाताखालून सुळकन आत घुसले. मागून अंकल ओरडले, "मॅडमजी, चीटिंग!" पाठोपाठ दार धाडकन बंद झालं.

बोर्डावर पोचले, श्वास घेतला आणि ऊन आणलं. पाजींनी डोळ्यांवर हात धरला, या वेळी खरोखरीच्या उन्हासाठी. टाळ्या! आणि मग मी जे लाइट दिले ना त्या दिवशी... हसू नका, खरं सांगते. कलती दुपार, संध्याकाळ, शेवटच्या प्रवेशातला एकच पिवळा दिवा. एकही क्यू चुकला नाही. इतकं सुंदर काम मी पुन्हा केलेलं नाही. मधेच एकदा मोठ्या अभिमानाने काचेतून दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

आईशेजारची खुर्ची रिकामी!

अहो, बाबा बाहेर पडले ते तिसऱ्या घंटेनंतर. आत कसे येणार?

नाटक संपल्यावर दार उघडलं. प्रिन्सिपॉल मॅडम तडक स्टेजवर गेल्या आणि वेळेचं महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटं बोलल्या. मी त्यांना फुल लाइट दिला. पाजी मला एवढंच म्हणाले, "पाच मिनट मैं धूप में अंधा बैठा रहा, कुडिए." बाबा बाहेर बलबीर अंकलांशेजारी स्टुलावर बसून थर्मासमधला चहा पीत होते.

मी घाबरत विचारलं, "बाबा... लाइट कसे होते?"

"मला काय माहीत? मी होतो तोवर अंधार होता."

संपलं सगळं. मला मोहाली दिसायला लागली.

बाबांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं सरकारी नोकरी केली. साहेबाची गाडी आली की बंद दारं उघडताना बघितली. कुणासाठीच न उघडणारं दार आज पहिल्यांदा बघितलं. मी ह्यांना म्हटलं, मी पोरीचा बाप आहे. हे म्हणतात, बेटी खुद बाहर खडी थी, आप तो बाप हो." बाबा हसले. असे हसताना मी त्यांना फार दिवसांनी बघत होते. "मोहालीला नको जाऊस. नाटकातच राहा."

"खरंच, बाबा?"

"खरंच की. फक्त लाइटचं राहू दे. तू दारावर बस. ते जमतंय तुला."

अर्थात मी ऐकलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत पुन्हा शो झाला, बोर्डावर पुन्हा मीच. तीन घंटा, दार बंद, कोणीही नाही! नियम तसाच आहे, एक अक्षर बदलू दिलं नाही मी. घंटा तेवढी आता दुसरंच कोणीतरी वाजवतं. आणि तिसऱ्या घंटेच्या आधी बलबीर अंकल दारात उभे राहून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडतात, "लाइटवाली मॅडम अंदर हैं?" दोनशे माना गर्रकन मागे वळतात, सगळ्यात आधी दुसऱ्या रांगेतली बाबांची. आणि मला काचेमागून हात वर करून सांगावं लागतं, "हाजिर हूँ जी!"