बरणी रिकामी द्यायची नसते

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या सणसर गावी परत येऊन आता काही वर्षं झाली, तरी पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे मला चटकन कळत नाही. बाहेर बारीक पाऊस पडतोय असं वाटतं. तो पाऊस नसतो, शेजारच्या कांद्याच्या शेतात तुषार सिंचनाचं पाणी फिरत असतं. मी डोळे मिटून पडून राहते. कालव्याकडून धुकं येतं, त्यात साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास मिसळतो आणि मला इंग्लंडमधलं आमचं स्वयंपाकघर दिसायला लागतं. लहानसं, पिवळ्या दिव्याचं, खिडकीच्या काचेवर वाफ धरलेलं. टोस्टरमधून पाव वर येतो. पावावर लोणी, लोण्यावर संत्र्याच्या कडवट सालींचा मुरंबा, ज्याला तिकडे मार्मालेड म्हणतात. घास तोंडाशी न्यावा एवढ्यात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत, मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जातो आणि माझा पाव हवेत विरतो.

याला लोक नखरे म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिकडे बरीच वर्षं काढली, आणि ती सगळी वर्षं मी बाजरीच्या भाकरीसाठी आणि हुलग्याच्या माडग्यासाठी झुरत होते. एकदा तर भाकरीच्या आठवणीनं भर बसमध्ये रडले होते. सासरे गेल्यावर डाळिंबाची बाग बघायला कुणी उरलं नाही म्हणून परत आलो. महिनाभर मनसोक्त भाकरी खाल्ली आणि मग जीभ फितूर झाली. सासरी असली की माहेर आठवायचं आणि माहेरी आली की सासर, असला तिचा स्वभाव.

त्या मार्मालेडची मला ज्यांनी गोडी लावली, त्या आमच्या तिकडच्या शेजारीणबाई. उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या, नवरा पुढे काही वर्षांनी गेला, मुलगा लांब अमेरिकेत. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात त्यांनी घरी केलेल्या मार्मालेडची एक बरणी आणून दिली. मार्मालेड संपलं, बरणी धुतली, आणि मी अडचणीत आले. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं तर आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. घरात देण्यासारखं होतं ते सासूबाईंनी सणसरहून दिलेलं ईडलिंबाचं लोणचं. तेच भरलं आणि दिलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, किती छान म्हणाल्या आणि दार लावलं. तिकडे सगळ्याला छानच म्हणतात, त्यामुळे त्यांनी ते खाल्लं की पुरलं हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्या हिवाळ्यात ती बरणी मार्मालेड भरून परत आली. मग मी पुन्हा लोणचं भरलं. असं ते वर्षानुवर्षं चाललं. सुट्टीला येताना मी मार्मालेड सणसरला आणायची आणि जाताना लोणचं न्यायची. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, त्या मार्मालेडला कडू मुरंबा म्हणायच्या आणि कुणाला खोकला झाला की चमचाभर द्यायच्या. ज्याला दिला तो पुन्हा खोकत आमच्या दारात आला नाही.

आम्ही इकडे आलो आणि वर्षभरात बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा त्यांना अमेरिकेला घेऊन गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटू लागलो. आमची सकाळ म्हणजे त्यांची झोपायची वेळ. मी ओसरीवर चहा घेऊन बसायची, त्या अंथरुणात उशीला टेकून बसलेल्या असायच्या, आणि आमच्या बोलण्याचा विषय एकच: कुणाला काय सापडलं.

बाईंना वाटलं होतं, भाषा एक, तेव्हा खाणंही एकच असेल. पण तिथला पाव गोड निघाला. चहा म्हणून कोमट पाण्याचा पेला आणि बाजूला कागदी पुडी मिळू लागली. मार्मालेड म्हणून जे मिळालं ते लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं लागतं, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मी इकडे बारामती पालथी घालत होते. भिगवण रस्त्याच्या मोठ्या दुकानात ओट्स मिळाले, चीज मिळालं. एका बेकरीवाल्याला पाव न कापता दे म्हणून विनवलं, तर त्यानं मला दोनदा विचारलं की घरी सुरी आहे ना. ओट्सच्या लापशीवर तिकडे ऊस उकळून केलेला सोनेरी पाक ओततात, तो कुठे मिळेना. मग एके दिवशी गुऱ्हाळावर उभी असताना लक्षात आलं की आपण काकवीच्या कढईसमोर उभं राहून पाक शोधतोय. किटली भरून आणली, लापशीवर ओतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. अमेरिकेत तो पाक त्यांना अजून सापडला नव्हता. इंदापूर तालुक्यानं अमेरिकेला हरवलं, असं मी त्या दिवशी गावभर सांगत फिरले.

ते दिवस आठवले की वाटतं, आम्ही दोघी एकाच हरवलेल्या घराच्या खोल्या शोधत फिरत होतो. एक बारामतीच्या रस्त्यावर, एक समुद्रापलीकडे.

मग त्यांचं हसणं कमी झालं. काय सापडलं हे त्या विचारेनाशा झाल्या. गालाची हाडं वर आली. एक दिवस कॉलवर त्यांच्याऐवजी मुलगाच आला. आई जेवत नाही, म्हणाला. डॉक्टरांना काही दोष सापडत नाही, पण समोर ठेवलेलं ती दूर सारते, आणि अशीच राहिली तर ती फार दिवस काढणार नाही. त्यानं विलायती जिनसा मागवून देणारं एक दुकान शोधलं होतं. बिस्किटं, चहा, पाक, चार तऱ्हेची मार्मालेडं, कपाट भरलं होतं. बाई प्रत्येकातलं बोटभर चाखायच्या आणि म्हणायच्या, हे ते नाही. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं: ती तिच्या घरी काय खायची? तो अठराव्या वर्षी घर सोडून गेलेला. त्याला आईचं ताट माहीत नव्हतं आणि ते मला विचारताना त्याला किती जड जात होतं ते दिसत होतं.

मी विचार केला, दुकानातलं कसं चालेल, त्यांना त्यांच्या हातच्यासारखं हवं. त्या करायच्या ते मी शेजारी बसून पाहिलेलं होतं. साली बारीक चिरायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी मऊ शिजवून साखर घालायची. त्यांची ती कडू संत्री आपल्याकडे कुठली मिळायला, पण आमच्या विहिरीजवळ ईडलिंबाचं झाड आहे. साल जाड, कडवट, वासाची. हंगाम सरत आला होता, शेंड्याकडे मोजकी फळं उरली होती. गड्याला चढवून सगळी उतरवली. जवळच्या लोणी भापकर गावात आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा अमेरिकेत असतो, तो सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्या बॅगेत एका बरणीपुरती जागा मागून ठेवली, तिकडे पोचल्यावर तो ती बाईंच्या पत्त्यावर पाठवणार होता. संध्याकाळी साली चिरल्या, पातेल्यात भिजत घातल्या, वर फडकं बांधलं आणि सकाळी घट्ट झाकणाची बरणी आणायला बारामतीला गेले.

परत आले तर घरभर मोहरी आणि हिंगाचा वास. आत्या चुलीपुढून उठत होत्या, चेहऱ्यावर कुणाचं तरी काम उरकून टाकल्याचं समाधान. पातेल्यातलं पाणी ओतून देऊन त्यांनी साली पिळल्या होत्या, मीठ चोळलं होतं, गूळ, तिखट, मेथी घालून वर फोडणी ओतली होती.

"कडूपणा काढलास ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मीठ लावायचं इसरलीस बघ. नासलं असतं समदं."

त्या घरात कुणी ईडलिंबू चिरलं तर त्याचं एकच होतं, लोणचं; दुसरं काही होऊ शकतं हे आत्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी सुनेची चूक झाकली होती. हे मला आज कळतं. त्या दिवशी माझा तोल गेला. मी बरणी ओट्यावर आदळली, नको नको ते बोलले, आणि न जेवता बागेत जाऊन बसले. तिकडे एक बाई उपाशी बसलीय आणि आपण तिच्यासाठी एक चमचा मुरंबा करू शकत नाही, याचं मला रडू येत होतं. झाडावर एक फळ उरलं नव्हतं. लोणी भापकरचा मुलगा दुसऱ्या दिवशी निघणार होता.

नवरा समजूत घालायला आला. आहे तेच पाठव, म्हणाला. मी म्हटलं, ती पोटात घास घेत नाही आणि तू तिला तिखट लोणचं पाठव म्हणतोस? आत्या मागून काठी टेकत आल्या. माझ्या आदळआपटीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. पोरगा येवढ्या लांब निघालाय, मोकळ्या हातानं धाडायचा का, एवढंच म्हणाल्या. बरणी त्यांनी आधीच भरली होती, तोंडाला तेलाचं फडकं बांधून. पंधरा दिवस उघडायची नाही, मुरू द्यायची, हा निरोप मी मुकाट्यानं इंग्रजीत लिहून दिला. बरणी गेली.

त्यानंतर मी मुद्दामच फोन करायचं टाळलं. कुठल्या तोंडानं बोलणार होते. उसाचे फड मोकळे होत चालले, बागेत डाळिंबाची छाटणी सुरू झाली. दुपारी झोप लागली की तीच खिडकी, तोच पिवळा दिवा दिसायचा, पण टेबलापाशी कुणी नसायचं.

एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर बाई होत्या, अंथरुणात नव्हे, टेबलापाशी. तिकडची सकाळ होती. समोर बशीत पाव, पावावर वितळलेलं चीज, आणि चीजवर आमच्या लोणच्याच्या दोन काळसर फोडी. अर्धा पाव खाऊन झाला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी बशी कॅमेऱ्याजवळ आणली.

"हे होतं," त्या म्हणाल्या. "मी हे शोधत होते. मलाच कळत नव्हतं."

मग सावकाश, मध्ये मध्ये घास घेत, त्यांनी सांगितलं. दर शनिवारी दुपारी त्या चीज घातलेल्या पावावर ते लोणचं खायच्या. नवरा होता तेव्हा तोही खायचा, फोडीवरून दोघांची भांडणं व्हायची. तो गेल्यावर एकट्या खात राहिल्या. आम्ही निघून आल्यावर बरणी संपली ती संपलीच. तेव्हापासून तोंडाला काहीतरी कमी पडत होतं, पण ते विलायती जिनसांच्या कपाटात कसं सापडणार होतं?

इतकी वर्षं मला वाटत होतं की शेजारधर्म मी पाळतेय. खरं तर एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन बायका एकमेकींसाठी रांधत होत्या आणि मी मधली हमाल होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. आत्या वाती वळत बसल्या होत्या, त्यांना मी हाक मारली आणि त्यांच्यापुढे फोन धरला. सगळं सांगितलं. त्यांना त्यात नवल असं काही वाटलं नाही. चांगलं हाय त्ये मानूस खातंच की, म्हणाल्या.

बाईंनी विचारलं, बरणी निम्मी झाली आहे, अजून मिळेल का? मी ते आत्यांना मराठीत सांगितलं आणि विहिरीजवळच्या झाडाकडे बघितलं. फळ नव्हतं, येणार होतं ते पुढच्या हिवाळ्यात. त्या वयात पुढचा हिवाळा म्हणजे काय, हे आम्हाला तिघींनाही कळत होतं. त्यांचा मुलगा मागे उभा होता, तोही खाली बघायला लागला.

आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे नीट बघितलं आणि सरळ मराठीत बोलायला लागल्या.

"झाड आता थंडीला लागंल. तवर जेवत ऱ्हा. तू न्हाय ऱ्हायलीस तर मी लोणचं घालू कुणासाठी?"

मी इंग्रजीत सांगितलं. शब्द न् शब्द, काही न वगळता. बाईंनी मान वळवली आणि मुलाला विचारलं, घरात उद्याला पाव आहे का.