खांद्यापर्यंतचं माप

माझे धाकटे दीर शिंपी. घाबरट असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काडी पेटवायची तरी हात लांब करून, मान फिरवून. माझी जाऊ म्हणायची, "लग्नात हार घालतानाही यांनी डोळे मिटले होते."

अशा माणसाच्या दारात दोन माणसांची जुनी शर्यतीची गाडी आली, याला काय म्हणावं? आयुष्यभर ज्याचे कोट शिवले ते गिऱ्हाईक वारलं आणि त्याच्या बायकोने ती भाऊजींना देऊन टाकली. तिच्यात बसले की भाऊजींची मान ताठ व्हायची. घाबरायचे तेव्हाही, पण हसत घाबरायचे.

मग तिची बॅटरी मेली. या गाडीची बॅटरी पुढे नाही, सीटच्या मागे, खड्ड्यात, वर पत्र्याचं झाकण. म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीशीच.

नवी घ्यायला मला बरोबर नेलं, धीराला. दुकानदाराने टेबलावर दोन मांडल्या. "काका, ही बंद तोंडाची, गॅस नळीतून बाहेर सोडते. तुमच्या गाडीला हीच. पण नीट ऐका, हिची तारा जोडायची टोकं वरच्या पत्र्याला टेकली तर पेट घेईल. उंची बरोबर मोजलीत ना?"

भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. "तीनदा मोजली," म्हणाले. गळ्यातली टेप काढून आकडा दाखवला. मग नवीलाही स्वतःच टेप लावली, आकडा जुळला, आणि दुकानदाराने तीच दिली.

घरी बसवली. झाकण जरा दाबूनच लागलं.

"घट्ट होतंय हो, भाऊजी."

"नवं आहे वहिनी. अंगात घातलं की सैल होईल."

जाऊ दारातूनच म्हणाली, "मी नाही बसणार. मला नातवंडं बघायचीत." मग बसले कोण? मी. माझी नातवंडं बघून झाली होती ना.

गल्लीभर काही नाही. पुढे रस्ता उखडलेला. एका दणक्याला पाठीमागे तड् आवाज झाला. मग रबर जळाल्याचा वास. मी मागे हात नेला तर पाठ टेकायची जागा तापलेली.

"भाऊजी, थांबवा."

त्यांनी थांबवली आणि तसेच बसून राहिले. दोन्ही हात चाकावर, डोळे समोर. धूर माझ्या कानाशी यायला लागला. दाराची कडी कुठे असते ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पत्रा चाचपत होते. मनात एवढंच, की जाऊ आता जन्मभर म्हणेल, सांगितलं होतं.

"भाऊजी, मला बाहेर काढा," शेवटी मी म्हटलं.

तेव्हा ते हलले. माझ्या मांडीवरून वाकून खालचा पट्टा ओढला, दार उघडलं आणि मला अक्षरशः ढकललं. मी गुडघ्यावर पडले. वाटलं, आता तेही येतील. आले नाहीत. अंगातला कोट काढून त्यांनी हाताला गुंडाळला, डोळे मिटले, आणि धुरात हात घालून झाकण उपटलं. पत्रा सुटला तसा तडतडाट थांबला. मग फुटपाथवर माझ्या शेजारी येऊन बसले. दोघांचेही दात वाजत होते, भर उन्हात.

"तीनदा मोजली होती हो," ते म्हणाले.

दुकानात परत द्यायची म्हणून जुनी बॅटरी गाडीतच सीटमागे ठेवलेली होती. मी म्हटलं, मोजून दाखवा. त्यांनी टेप लावली, तळापासून खांद्यापर्यंत. तिथेच बोट धरलं. चाळीस वर्षं माणसांचं तसंच मोजत आले, डोकं कोण मोजतो? जुनीची टोकं खांद्यात दबलेली, तिला मानच नव्हती. नवीची मान वर. झाकणाखालचं झिजलेलं रबर दणक्यांनी फाटलं आणि टोक पत्र्याला भिडलं.

दुकानदाराला त्यांनी सगळं खरं सांगितलं. म्हणाले, "आता माप डोक्यासकट घ्या."

तशी मिळाली. झाकणाला नवं जाड रबरही लावलं. जाऊला वाटलं होतं, आता गाडी विकतील. मलाही वाटलं होतं. पण नाही. निघायच्या आधी दर खेपेला झाकण उचलतात, कापडात ढिलाई बघावी तशी टोकांवर दोन बोटं आडवी धरतात, आणि परत लावतात.

"बसा वहिनी."

"आधी तुम्ही," मी म्हणते. मग बसते. हात मात्र पोचेपर्यंत दाराच्या त्या पट्ट्यावरच असतो.