दोनशे अकरा वेळा ‘हो’

मी यादीशिवाय भाजीलाही जात नाही. त्यामुळे आमच्या फाइल-वाटपाच्या प्रोग्राममध्ये काय काय सुधारायचं, ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडेच येणार हे ठरलेलं होतं.

गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या काही ग्रामसभांची कागदपत्रं आमची छोटीशी संस्था सांभाळते. ठराव, वनहक्काचे दावे, नकाशे. बहुतेक गावांत नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळतं, तेही टेकडीच्या मर्जीने. म्हणून आम्ही असा प्रोग्राम वापरायला लागलो, जो मध्ये कुठलाही सर्व्हर न ठेवता थेट एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये फाइल नेतो. बाजारात, बसमध्ये, कुणाच्या लग्नात दोन फोन जवळ आले की फाइल तुकड्यातुकड्याने सरकते. अट एकच, प्रत्येकाने तो चालू ठेवायचा. हे मी दोन वर्षं गावोगाव सांगत होते.

प्रोग्राम फुकट मिळणारा होता. त्यात आमच्यासाठी बदल करणारे भाऊ भद्रावतीला राहतात. आयुष्य लेथवर काढलं, निवृत्तीनंतर करमेना म्हणून कोडिंग शिकले. सवय मात्र लेथचीच: ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच, एक सूत इकडे तिकडे नाही. मला हा माणूस फार आवडायचा. यादी द्यावी, काम व्हावं.

यादीत एकोणीस मुद्दे होते. तातडीचे लाल पेनाने, सावकाशीचे हिरव्या. ‘स्क्रीन बंद झाली की फाइल अडकते’ लाल. ‘काही फोनांत अक्षरांऐवजी चौकोन दिसतात’ लाल. ‘बॅटरी खातो’ ही तक्रार प्रत्येक गावाची होती, पण ती हिरवी. ही यादी मी एका ग्रामसभेपुढे ठेवली. तिथे मतदान नसतं. एकाचंही मन नसेल तर ठराव होत नाही, सगळे बसून राहतात. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात उरकेल.

साठीच्या एक बाई उठल्या. त्या सगळ्यांना तूच म्हणतात, मीही त्याला अपवाद नव्हते.

“हे तुयं यंत्र माह्या फोनातून काढून नेते. मले इचारत काऊन नाई?”

“बाई, फाइल सगळ्यांचीच आहे. दिली म्हणून तुमच्याकडची कमी होत नाही.”

“माह्या झाडाखाली मोहफुलं पडली. उद्या अजून पडतेच म्हणून तू येऊन उचलशील?”

इकडे मोहाचं कोणतं झाड कोणत्या घरचं, हे आजोबांच्या आधीपासून ठरलेलं असतं. समोर सडा पडलेला असला तरी दुसरा वाकत नाही. सभेच्या माना हलायला लागल्या आणि मी काय ते समजले. तीन तासांनी माझ्या एकोणीस मुद्द्यांचा निकाल लागला: “ते तुमचं तुमी पाहा.” यादीत नसलेला विसावा मुद्दा मात्र एकमताने मंजूर झाला. घरी येऊन मी तो नीट लिहिला: ‘प्रत्येक तुकडा देण्याआधी मालकाला विचारावे. मालकाने नाही म्हटल्यास पुन्हा विचारून त्रास देऊ नये.’ या दोन वाक्यांचा मला बराच अभिमान वाटला होता.

भाऊंनी ते केलं. नवा प्रोग्राम गावागावांत पोचला, आणि एप्रिलमध्ये व्होल्टेज वाढून ऑफिसचा कॉम्प्युटर जळाला. बॅकअपची डिस्क त्यालाच लावलेली होती, तीही गेली. (‘डिस्क काढून ठेवणे’ हेही माझ्या ऑफिसच्या यादीत हिरव्या पेनाने होतं.) जे गेलं त्यात त्याच बाईंच्या गावाच्या सीमेचा नकाशा होता. नाल्यापलीकडचा उतार गावकऱ्यांनी दोन उन्हाळे जीपीएस घेऊन पायाखाली घातला, तेव्हा कुठे तो तयार झाला होता. मंगळवारी अहेरीला सुनावणी होती. नकाशा नसेल तर उतार दाव्याबाहेर राहणार. आणि बाईंची मोहाची झाडं त्याच उतारावर.

शोधाशोध केली. बाकीच्यांनी जागा भरली म्हणून नकाशा पुसून लग्नाचे व्हिडिओ ठेवले होते. पूर्ण नकाशा राहिला होता फक्त बाईंच्या फोनात.

सुनावणीच्या आधीच्या बाजारात बाई अहेरीला मोहफुलं घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी पोत्यावर लॅपटॉप उघडला. केबल लावून पाहिली, पण त्यांच्या फोनचं तोंड इतकं सैल झालेलं की रबर बांधून तो जेमतेम चार्ज व्हायचा. मग प्रोग्रामच चालू केला. बाईंच्या फोनवर प्रश्न आला: ‘तुकडा १ द्यायचा का?’ त्यांनी ‘हो’ दाबलं. ‘तुकडा २ द्यायचा का?’

नकाशाचे तुकडे होते दोनशे बारा. मी भाऊंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

“भाऊ, हे तर प्रत्येक तुकड्याला विचारून राह्यलं!”

“मॅडम, मी तेव्हाच म्हटलं होतं, प्रत्येक तुकड्याले? तुमी म्हटलं, भाऊ, लिहिलं तेवढं करा.”

मी बाईंना म्हटलं, “द्या इकडे, मी दाबते.”

“माहं हाय. मीच देईन.”

आणि त्या दाबत राहिल्या. मधूनच फुलं मोजून द्यायच्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “बाई, मोबाइलवर काय खेळून राह्यली?”

“जंगल देऊन राह्यली हिले. तू फुलं घे.”

एकशे चौतिसाव्या तुकड्यावर त्या थांबल्या. “नाई म्हटलं तं आयकते का व हे?” मी ‘नका’ म्हणेपर्यंत बोट ‘नाही’वर पडलं होतं. प्रोग्रामने मुकाट तो तुकडा सोडला आणि पुढचा विचारला. बाई खूश झाल्या. “आयकते. चांगलं हाय.”

दोनशे अकरा तुकडे आले आणि सगळं ठप्प झालं. एक तुकडा नसेल तर नकाशा उघडत नाही, आणि तो तुकडा पुन्हा मागायची सोय मीच बंद केलेली. पुन्हा भाऊ.

“‘पुन्हा विचारून त्रास देऊ नये,’” त्यांनी माझंच वाक्य वाचून दाखवलं. “पण नाई म्हटलं ते तुमच्या लॅपटॉपले. दुसऱ्या फोनाने मागितलं तं विचारते तो. तुमच्या फोनात घ्या, मग तिथून लॅपटॉपात. तुमच्या फोनात तं असनच ना प्रोग्राम?”

मी स्पीकर बंद करायचं बटण शोधायला लागले. प्रोग्राम माझ्या फोनात नव्हता. बॅटरी खातो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

स्पीकर चालूच होता. बाईंनी हातातलं माप खाली ठेवलं. “तुह्या फोनात नाई? मंग दोन वर्षं आमाले काऊन सांगत होती, चालू ठेवा, चालू ठेवा?”

“ते... बॅटरी लवकर उतरते म्हणून...”

“आमची बॅटरी का झाडाले लागते?”

शेजारचे बांगडीवाले चाचा इतके हसले की गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी अर्ध्यावर राहिली. मी खाली मान घालून प्रोग्राम फोनमध्ये टाकला आणि एकशे चौतिसावा तुकडा मागितला. बाईंच्या फोनवर प्रश्न उमटला. त्यांनी आधी एका गिऱ्हाइकाला फुलं मोजून दिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“ठेवशील ना आता? पुसशील तं नाई?”

“ठेवते.”

त्यांनी ‘हो’ दाबलं. क्षणभराने माझाच फोन मला विचारायला लागला, तुकडा १३४ द्यायचा का? बाई वाकून बघत होत्या. “दाब, दाब. तुयं हाय आता ते.”

नकाशा उघडला. बाईंनी नाल्यावरून बोट फिरवत नेलं आणि उतारावर टेकवलं. “इथी.”

मंगळवारी तो उतारासकट दाखल झाला. निकाल यायचा आहे.

माझा फोन हल्ली दुपारी चारला मरतो. बाजारातून परतले त्याच संध्याकाळी मी यादी काढून ‘बॅटरी खातो’ हिरव्यातून लालमध्ये घेतलं, सगळ्यात वर, आणि भाऊंना पाठवलं.

“काऊन मॅडम,” भाऊ म्हणाले, “एकदम इतकी घाई?”