कच्च्या मुलीला घरी ठेवलं तेव्हा

भिवंडीजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवत होते तेव्हा ‘शंभर टक्के वाचन’ हे नवं खूळ निघालं. अधिकारी येणार, प्रत्येक मुलाकडून धडा वाचून घेणार, मोबाइलवर नोंद करणार आणि सगळी पास झाली की शाळेच्या दारावर तशी पाटी लागणार. ज्याला वाचता येत नाही त्याला शिकवायचं कधी, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. हेडमास्तर म्हणाले, “कच्ची मुलं त्या दिवशी घरीच राहू देत.” मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

माझ्या वर्गात कच्ची एकच. ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचायची. पण एक अक्षर चुकलं तरी मागे जाऊन पुन्हा वाचणार, अशी चिवट पोरगी. तिला म्हटलं, “उद्या येऊ नकोस हं. आईला सांग, बाईंनी सांगितलंय.” तिनं का म्हणून विचारलं नाही, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!

तपासणी झोकात पार पडली. पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पोरगी मात्र आलीच नाही. आठवडा गेला. ताप-बिप असेल म्हणून मी आपली गप्प. शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर दापोड्याला, तिची आई कामाला होती त्या गोडाउनवर गेले. बघते तर काय, मायलेकी शेजारी बसून खोक्यांवर पत्त्याचे कागद चिकटवतायत!

“अहो, हिची शाळा का सोडवलीत?” मी तिथंच ओरडले.

आई दचकून उठली. “मी कुठं सोडवली, बाई? तुम्हीच बोललात ना, उद्या येऊ नको. आमच्याकडं मुकादम असं बोलला का काम गेलं. मंग परत कोन जातं विचारायला?”

“अहो, एका दिवसापुरतं म्हटलं होतं मी!”

“एका दिवसापुरतं? का बरं?”

आता काय सांगू, कपाळ माझं! “सोमवारी पाठवा, मी स्वतः न्यायला येते,” एवढंच कसंबसं म्हटलं. पोरगी खाली मान घालून कागद चिकटवतच होती.

“पाठवते की,” आई हात जोडून म्हणाली. “पन हिनं शाळेत काय केलं होतं, तेवढं सांगा. किती विचारलं, मारलं पन. सांगतच न्हाय.”