कमळचा नाच्या, माझा बैल

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभा राहून पेज ढवळत होतो. सकाळची वेळ. कमळ, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलच्या सुपाला तोंड लावत नसे, म्हणून रोज घरून तांदळाची पेज करून न्यायचो, वर थोडं मेतकूट. फोनवर नेहमीची केरळची नर्स होती. एरवी ती सांगायची, अंकल, आज आंटीनं हे खाल्लं, आज ते खाल्लं. त्या दिवशी म्हणाली, ‘अंकल, आप आ जाओ. बेटी को भी बुलाओ.’ मी गॅस बंद केला. मग पेज डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं… का भरली, ते मला आजही सांगता येणार नाही. टॅक्सीत डबा मांडीवर होता, पँटमधून चटका बसत होता. पोचलो तोवर कमळ गेली होती.

याला आता काही आठवडे झाले. वृषाली, आमची मुलगी, म्हणाली, बाबा, लिहून काढा, पेपरच्या पुरवणीत छापतात असं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सगळं आयुष्य अबुधाबीजवळच्या मुसफ्फात लोखंड कापण्यात आणि वेल्डिंग करण्यात गेलं. लिहिणं हे माझं काम नाही. पण भेटायला आलेले लोक एकच बोलायला लागले, वहिनी शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. ते ऐकून मला राग आला. कमळ शांत-बिंत अजिबात नव्हती. इतकी वर्षं ती माझ्याशी भांडली, आणि तेही एकाच गोष्टीवरून. ती गोष्ट लिहिल्याशिवाय कमळ कशी होती ते कुणाला कळायचं नाही, म्हणून लिहितो.

मी मुसफ्फाला लागलो तेव्हा आमचं लग्न झालेलं होतं, पण ती गावाकडं माझ्या आईजवळ. कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर गुल नावाचा पठाण होता. त्याच्याकडं एक व्हीसीआर आणि बॉक्सिंगच्या दोनच कॅसेटी. एका कॅसेटीत एक उंच, देखणा बॉक्सर, रिंगभर पाय थिरकवत फिरणारा. मारण्यापेक्षा मार चुकवण्यातच त्याला मजा यायची. दुसऱ्या कॅसेटीत एक बुटका, मान जवळजवळ नाहीच, घंटा वाजली की सरळ समोरच्याच्या अंगावर. त्याच्या लढती सुरू होतात न होतात तोच संपायच्या. दोघंही जगज्जेते, दोघंही सगळ्यात वजनदार गटातले. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेला वळेनात, म्हणून मी उंच असलेल्याला नाच्या म्हणायला लागलो आणि बुटक्याला बैल. गुल काम सोडून मुलखाला गेला तेव्हा म्हणाला, हबीबी, हे ओझं तू ठेव. व्हीसीआर आणि कॅसेटी माझ्याकडं आल्या.

पुढं मी फोरमन झालो, फॅमिली व्हिसा मिळाला, शारजात एका फ्लॅटमधली खोली घेतली. कमळ आली, कडेवर लहानगी वृषाली. मी मात्र आठवडाभर मुसफ्फाच्या कॅम्पातच. गुरुवारी संध्याकाळी शारजाला यायचं, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी पहाटे परत कंपनीची बस. पहिल्या शुक्रवारी काय झालं सांगतो. मटण झालं, भात झाला, पोरगी झोपली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती, पण एकत्र राहिलेले महिने मोजके. खरं सांगायचं तर आमची नीट ओळखच नव्हती. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी एक कॅसेट लावली, ती संपल्यावर दुसरी. कमळ कपड्यांच्या घड्या घालत बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, हे दोघं कधी समोरासमोर आले नाहीत, बैल वर आला तोवर नाच्या म्हातारा झालेला. दोघं एका वयाचे असते तर बैलानं याला दुसऱ्याच राउंडात झोपवला असता.

कमळ घडी घालायची थांबली. म्हणाली, ‘कोण म्हणतं?’

‘मी म्हणतो.’

‘तुम्ही हाताकडं बघताय. पायाकडं बघा. तुमचा बैल पाय आपटत चालतोय, सहाव्या राउंडात त्याला पाणी मागायची पाळी येईल.’

तिचे वडील सांगलीकडच्या एका गावात तालमीचे वस्ताद होते हे मला ठाऊक होतं, पण त्यातलं हिला काय कळत असेल, असा मी कधी विचारच केला नव्हता. पोरींना तालमीत जायची मनाई होती. पण पैलवानांचे बदाम वाटायला हीच बसायची, आणि वाटता वाटता खिडकीतून सगळं बघायची. कोणाचा दम कुठं संपतो, कोण छातीवर भरवसा ठेवून मार खातो, हे तिला पाठ होतं.

त्या दिवसापासून आमचा दर शुक्रवार त्यात जायला लागला. आठवडाभर मी वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत पोरांशी बोलून नवे मुद्दे गोळा करायचो, बसमध्ये ते घोकायचो. तिकडं ती पोळ्या लाटता लाटता तयारी करून ठेवायची. आमचे नियमसुद्धा ठरले होते. नाच्या पंचविशीतला घ्यायचा, बैल विशीतला. रेफरी तिच्या वडिलांच्या तालमीतला नको, असं मी म्हणालो, तर तिनं तोंड वाकडं केलं पण मान्य केलं. एकदा माझा मुद्दा असा की नाच्या कितीही पळाला तरी रिंग केवढीशी, बैल त्याला कोपऱ्यात गाठणारच. कमळनं गॅस बारीक केला. मला म्हणाली, उठा, मला धरून दाखवा. स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरलं. ती पदर खोचून, हातात डाव घेऊन, गॅसच्या सिलिंडरभोवती फिरायला लागली. मी एकदा डावीकडून जातोय, एकदा उजवीकडून, ती हाताला लागायची नाही. शेवटी माझाच गुडघा सिलिंडरवर आपटला. खालच्या मजल्यावरचा मल्याळी वर आला, त्याला वाटलं मी बायकोला मारतोय. कमळनं दार उघडलं आणि हसता हसता त्याला हिंदीत सांगितलं, ‘भाईसाब, मार तो इनको लगा है.’

आमच्यात खरी भांडणंही झाली. एकदा माझ्या भावाच्या पोराला इथं बोलवायचं की नाही यावरून इतकं वाजलं की आठवडाभर फोनवर बोललो नाही. गुरुवारी घरी आलो, ताट पुढं आलं, तोंडानं शब्द नाही. मी निम्मी भाकरी खाल्ली असेल, तेवढ्यात ती वरण वाढता वाढता म्हणाली, ‘तुमच्या बैलाच्या बापानं त्याला दमसास शिकवलाच नाही.’ मी म्हणालो, तुझ्या नाच्याला कुणी मारायला शिकवलं नाही. झालं. भांडण खलास. माफी मागायची दोघांनाही सवय नव्हती, आम्ही हे करायचो. वृषाली मोठी झाली, शाळेतून इंग्रजी शिकून आली आणि आमच्यात पडायला लागली. ‘बाबा, दे नेव्हर इव्हन फॉट!’ कपाळाला हात लावून ती खोलीत निघून जायची.

पुढं माझं काम सुटलं, वृषाली नोकरीला लागली, तिच्या व्हिसावर आम्ही शारजातच अल मजाजला तिच्या फ्लॅटवर राहायला आलो. खिडकीतून लगूनचं पाणी दिसतं. एक दिवस वृषालीनं मोबाइलवर दाखवलं, कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये दोघांची लढत लावली होती आणि नाच्या जिंकला होता. मी मनात म्हटलं, आता ही मला जगू देत नाही. पण कमळनं फोन बाजूला सारला. ‘कॉम्प्युटर कधी तालमीत गेला होता का?’ असला फुकटचा निकाल तिला नको होता.

दोन वर्षांपूर्वी कमळला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. जीव वाचला, पण बोलायला गेली की नुसता आवाज यायचा. थेरपीवाली मुलगी येऊन तिला चित्रं दाखवायची, केळं, खुर्ची, मांजर. मुलगी गुणी होती, पण कमळ तोंड फिरवायची. वृषाली लहान पोराशी बोलावं तशी तिच्याशी बोलायची, तेही कमळला आवडायचं नाही. थेरपीवाली मला म्हणाली, अंकल, तुम्ही बोला त्यांच्याशी, जे रोज बोलायचा तेच. मी रोज काय बोलायचो? मला एकच येत होतं. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, ‘कमळे, मी नीट विचार केला. तुझा नाच्या पहिल्याच राउंडात आडवा.’ तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला बरं वाटलं, माणूस आत आहे हे कळलं. रोज मी तिला डिवचायला लागलो. नाच्या भित्रा आहे, नाच्या नुसता पोकळ. आधी मी एकदम दहा वाक्यं बोलून जायचो. मग ध्यानात आलं की तिला शब्द शोधायला वेळ लागतोय आणि मी मधे बोललो की हाती आलेला शब्द पुन्हा सुटतोय. माझा स्वभाव उतावीळ, पण गप्प बसायला शिकलो. असंच एकदा मी बैलाचं कौतुक करून गप्प बसलो. कमळचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि शब्द आला. ‘पाय.’

वृषाली बाजूच्या खोलीत फोनवर होती. ती धावत आली आणि आईला मिठी मारून रडली. मी रडलो नाही. मी म्हणालो, पायांचं काय घेऊन बसलीस, हाताचं बोल. मग हळूहळू शब्द येत गेले. ‘बैल… दमतो.’ हे तिचं पहिलं वाक्य. चहा, पाणी, औषध हे शब्द नंतर आले.

या वर्षी तिचं हृदय थकलं आणि तिला पुन्हा हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी वृषालीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, वृषालीनं मला सांगितलं. डोळे पुसून म्हणाली, ‘बाबा, प्लीज, आता मम्मीशी वाद नको. लेट हर विन.’ तिचं चूक नव्हतं. मलाही ते पटलं. मी आत गेलो, कमळचा हात हातात घेतला आणि म्हणालो, ‘कमळे, तूच जिंकलीस. नाच्याच जिंकला असता. बैलाचं काही खरं नव्हतं.’

मला वाटलं हसेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात काढून घेतला. तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी पेजेचा चमचा तोंडाजवळ नेला तर दात मिटले. वृषालीला काही समजेना. मलाही समजलं नाही. रात्रभर विचार करत राहिलो, आयुष्यभर हिला जे ऐकायचं होतं तेच तर बोललो. सकाळी गेलो तेव्हा कमळ माझी वाटच बघत होती. बोलायला फार वेळ लागला तिला. मी थांबलो.

‘मी… जाते… म्हणून?’

मी हार मानली म्हणजे मी सगळं सोडलं, तिला आधीच पोचवून आलो, असं तिला वाटलं. आणि तिचं काय चुकलं? मी तेच केलं होतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणालो, ‘नाही गं. काल माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बैलच जिंकतो. चौथ्या राउंडात. तुझा नाच्या दोरीवर पडलेला असेल आणि रेफरी त्याच्या कानात मोजत असेल.’

कमळनं डोळे मिटले. मला वाटलं पुन्हा रुसली. मग म्हणाली, ‘खोटं.’ आणि तोंड उघडलं. मी पेज भरवली. पुढचे जितके दिवस मिळाले तितके दिवस आम्ही भांडलो. नर्सनी मला दोनदा बाहेर काढलं. वृषाली पुन्हा वाद थांबवा म्हणाली नाही. उलट तीही आईच्या बाजूनं बोलायला लागली, अर्धं इंग्रजीत. शेवटच्या संध्याकाळी कमळ दमली होती, तरी मी निघताना माझ्या शर्टाची बाही धरून म्हणाली, ‘उद्या… लवकर… या. हरवते.’

दहन इथंच केलं. नंतर घरी इथल्या मराठी मंडळातले लोक आले. त्यातले एक सज्जन गृहस्थ, आमचा वाद त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, भाऊ, आता तरी म्हणा, वहिनींचाच बॉक्सर जिंकला, त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल. मी सरळ नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल, वाटो. कमळला शांती कशानं मिळते हे मला हॉस्पिटलात एकदा कळलंय, पुन्हा ती चूक करणार नाही.

संध्याकाळी वृषाली ऑफिसातून यायच्या आधी घरात कुणी नसतं. लगूनवरचे दिवे लागायला लागतात. मी सोफ्यावर माझ्या जागी बसतो आणि म्हणतो, ‘कमळे, चौथ्या राउंडात बैलानं उचलून आपटला तुझ्या नाच्याला.’ मग काही बोलत नाही. तिला शब्द सापडायला वेळ लागतो… तेवढा थांबतो.