हिरवा शेवटी येतो

केजच्या माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली तळहाताएवढा एक कागद ठेवलेला आहे. त्यावर लाल, जांभळा आणि हिरवा मिसळून काढलेला डाग आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, ओळखा. बहुतेक जण वांगं म्हणतात. एका बाईने कलेजी म्हटलं होतं. मग मी त्यांना सगळी हकिकत सांगतो. मी ती सांगतो हे माझ्या भावाला माहीत आहे. त्याला माहीत असावं म्हणूनच सांगतो.

भाऊ धाकटा. तेलगावजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मी नववीत शाळा सोडली आणि बसस्टँडवर एसटीच्या खिडक्यांखाली उभं राहून पेनं विकली. मग हातगाडी, मग टपरी, मग हे दुकान: वह्या, चार्ट पेपर, रंग. त्याचा चित्रकलेचा कोर्स त्या पेनांवर झाला. हे मी त्याला वर्षातून दोन-तीनदा ऐकवायचो. त्याला ते आवडायचं नाही. मला न ऐकवणं जमायचं नाही.

एका बुधवारी एका शाळेचे शिक्षक वर्षभराचे रंग घ्यायला आले होते. तासभर घासाघीस करून मी त्यांना माझ्या साध्या डब्यांवर आणलं होतं. चहा मागवला होता. भाऊ सहज आलेला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला. शिक्षकांनी त्याला ओळखलं आणि विचारलं, "सर, तुमी सांगा, कसे आहेत हे रंग?"

भावाने कागद ओढला. माझ्या डब्यातले तीन पट्टे ओढले, शेजारी महागातल्या डब्यातले तीन. मग दोन्हीकडचा लाल आणि हिरवा एकत्र केला. महागाचा कातासारखा खोल तपकिरी झाला. माझा गटारीच्या पाण्यासारखा झाला.

"लाल उन्हात टिकत न्हाई," तो म्हणाला. "जांभळ्यातला लाल आधी उडतो, मग नुसती निळी झाक राहते. हिरवा तेवढा बरा हाय."

शिक्षकांनी कप खाली ठेवला. येतो परत, म्हणाले. ते परत आले नाहीत.

"कावून बोललास बे?"

"इचारलं त्यांनी, दादा."

"माझ्या दुकानात बसून? माझा चहा पिऊन?"

"रंगाचं इचारलं तर रंगाचंच सांगणार ना मी."

फळ्यावर रेघा मारायची मीटरभर लाकडी पट्टी माझ्या हाताशी होती. ती मी त्याच्या डाव्या दंडावर घातली. एकदाच. त्याने पिशवी उचलली आणि गेला. त्याचा अर्धा चहा तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी भावकीच्या ग्रुपवर फोटो आला. त्याचा दंड, त्यावर मोठा डाग, लाल, जांभळा, मध्ये हिरवट. खाली लिहिलं होतं : मोठ्या भावाचा आशीर्वाद. दुपारपर्यंत पुण्यातल्या आतेभावापासून सगळ्यांनी तो पाहिला होता. संध्याकाळी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे आमचे चुलते, तलवाड्याला असतात. बाप गेल्यापासून भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"रविवारी इकडं ये. पाया पडून माफी मागायची त्याची."

"धाकट्याच्या पाया पडू?"

"मारताना धाकटा न्हवता का त्यो?"

"हात जोडतो."

"पाया."

"मग आत खोलीत. चारचौघांत न्हाई."

"फोटो चारचौघांनी बघितलाय. अंगणातच पडायचं."

सांगितल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. भाजी नाही, दुकानाचा गाळा नाही. हे घ्यावं लागणार होतं. ज्याला मी उभा केला त्याच्या पायावर सगळ्यांदेखत माझं डोकं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. डागाच्या कडेला एक बारीक गडद रेघ होती. पाण्यातला रंग वाळताना कडेला जाऊन बसतो, तशी. माराला अशी कड नसते, तो कातडीत विरत जातो. पण मला खरं सापडलं ते मधल्या हिरव्यात.

आमच्या बापाचा पट्टा घरात एकाच माणसासाठी होता. भाऊ हुशार, चित्रं काढायचा, म्हणून त्याला कधी बोट लागलं नाही. त्याच्या वाट्याचा मारही मीच खाल्ला. त्यामुळे मला एक गोष्ट माहीत आहे, जी चित्रकलेच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मार आधी लाल दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांभळा होतो. हिरवा आठवड्याने, मार जायला लागला की. हिरवा शेवटी येतो. भावाने दोन दिवसांच्या मारात तिन्ही घातले होते.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी डबा उघडला आणि माझ्याच हातावर, मनगटाच्या वर, रंग लावून पाहिला. नुसता लाल कुंकू सांडल्यासारखा दिसला. नुसता जांभळा, पोराने जांभळं खाऊन हात पुसल्यासारखा. दोन्ही मिसळले तर छान डाळिंबी आला, साडीच्या काठाला शोभेल असा. माराला शोभेलसा नव्हता. मग ब्रशच्या टोकावर हिरवा घेतला. थेंबभर पडला आणि त्या डाळिंबीचा सगळा तोरा उतरला. आणखी थोडा पडला तर नुसता चिखल झाला. पुसून पुन्हा केला. तिसऱ्या खेपेला जमला. हात मोबाइलशेजारी धरला. तोच डाग.

महागाचा जांभळा निळ्याकडे झुकतो, माझा लालकडे. फोटोतला लालकडे झुकलेला होता. दरवर्षी त्याच्या शाळेतल्या पोरांसाठी मी चार डबे देतो, त्यातलाच. ज्या रंगाला त्याने गिऱ्हाइकासमोर नाव ठेवलं, तोच त्याने मला खाली पाडायला वापरला होता. तोच डाग मी कागदावर उतरवून ठेवला. हातावरचा मात्र साबणाने गेला नाही, जांभळा कातडीत मुरला होता. रविवारी मी लांब बाह्यांचा शर्ट घातला.

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. तात्या खुर्चीवर. माय उंबऱ्यात बसलेली. ती भावाकडेच राहते. भाऊ अर्ध्या बाह्यांत आला होता. दंडावर डाग होता, ताजा केलेला. फोटो सगळ्यांनी पाहिल्यावर कोरा दंड घेऊन येणार तरी कसा?

"पड पाया," तात्या म्हणाले.

"पडतो की. पण माल बघितल्याशिवाय मी सौदा करत न्हाई."

दोघं-तिघं हसले. मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तांब्यात पांढरा रुमाल बुडवला आणि भावाचा हात धरला. त्याला लगेच कळलं. तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल असं, "दादा, राहू दे."

"कावून? दुखतंय?"

"हो."

मी रुमाल दाबून फिरवला. जोर लावूनच फिरवला. रंग रुमालावर आला, आणि मी तो उलगडून एकेकाच्या नाकासमोर धरला. तात्यांच्या समोर सगळ्यात जास्त वेळ धरला.

"च्यायला, रंग हाय की ह्यो."

"मास्तर, आमच्या दारावर गणपती काढून द्या की असाच."

अंगण हसत सुटलं. भाऊ मान खाली घालून उभा होता. दंडावरून गढूळ पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

तेवढ्यात माय उठून आली. तिने पदराने त्याचा दंड कोरडा केला आणि बोटं ठेवली. जरा दाबलं तर तो कळवळला.

"सूज हाय," ती म्हणाली. "कढत लागतंय. मुका मार हाय ह्यो."

आम्ही दोघेही बापावर गेलेलो, काळेकुट्ट. आमच्या कातडीवर मार चटकन दिसत नाही, उजेडात धरून बघावा लागतो.

"दिसत न्हवतं, माय," भाऊ म्हणाला. "कुणी खरं मानलं नसतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मारलंस का तू?"

"एकदाच."

पण तात्या आता भावावर चिडले होते, कारण त्या फोटोसाठी त्यांनी सगळी भावकी बोलावली होती. "फोटो खोटा, इषय संपला," ते म्हणाले. "पानं घ्या." कुणीही पाया पडलं नाही. मी दोन वेळा भात घेतला. भाऊ न जेवता गेला. मायही त्याच्याबरोबर गेली.

रुमालाचा कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो त्याच्या शाळेपर्यंत पोहोचला. तो वर्गात शिरला की पोरं दंडावर रंग लावून "सर, लई दुखतंय" म्हणायची, असं मला तिकडच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. आजही वाटतं. त्याने चूक केली ती मला ओळखण्यात. मला लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी मायचा फोन आला. "दंड हिरवा पडलाय त्याचा. उजेडात धरला की दिसतो. येतोस का बघायला?"

दुकानात गर्दी आहे, म्हणालो. दुकानात कुणी नव्हतं.

भाऊ आता रंग अंबाजोगाईहून आणतो. माय कधी केजला आली तर दुकानात येते, पण काउंटरकडे पाठ करून बसते. तो कागद उन्हात येतो. पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत त्यातला लाल पार उडाला, जांभळ्याची निळी झाक राहिली, आणि मध्ये हिरवा जसाच्या तसा होता. भावाने सांगितलं होतं अगदी तसंच. मी नवा कागद घेतला आणि डाग पुन्हा काढला. गेल्या महिन्यात चौथ्यांदा काढला. हात आता बसला आहे, हिरवा किती घालायचा ते बघावं लागत नाही.

हे रंग टिकतात का, असं गिऱ्हाईक विचारतं. मी काचेवर बोट ठेवून म्हणतो, हे बघा, चार वर्षं झाली.